गाड्यांच्या शोमध्ये बॉनेट कसं उघडून घ्यावं

गाड्यांच्या शोला निघालेल्या माणसाला सगळे एकच सल्ला देतात: टोपी घाल, पाणी ठेव, सगळ्या गाड्या बघून घे, भरपूर फोटो काढ. टोपीचं आणि पाण्याचं ठीक आहे. ‘सगळ्या गाड्या बघून घे’ हे मात्र मला अजिबात पटत नाही. प्रत्येक गाडीपुढे मिनिटभर उभं राहून माणूस घरी येतो आणि रात्री त्याला एकही गाडी धड आठवत नाही. तीनच गाड्या बघा. पण त्यांतल्या एकीचं तरी बॉनेट मालकाने आपल्या हाताने उघडून दाखवलेलं असू द्या.

सांगली-मिरजेत आणि साताऱ्यात हे जमण्यासारखं आहे. मोठ्या शहरांतल्या रॅलीत बऱ्याचदा गाडीभोवती दोरी असते आणि मालक मंडपात पाहुण्यांमध्ये अडकलेला असतो. आपल्याकडे एखाद्या कॉलेजच्या मैदानावर गाड्या लागतात आणि मालक डिकीला टेकून चहा पीत उभा असतो. त्याच्याशी बोलता येणं हाच आपल्याकडच्या शोचा खरा फायदा.

जाण्याआधी

हिवाळ्यातला शो चुकवू नका. एप्रिल-मेमधला चुकला तरी चालेल. अंगठी, कडं, पट्ट्याचं मोठं बक्कल आणि पाठीवरची सॅक घरी ठेवा, रंगावर ओरखडे त्यांनीच पडतात. गाड्या मैदानात शिरत असतात तेव्हा फाटकाशी हजर राहा. विट्याहून किंवा कराडहून चालवत आलेली गाडी कोणती आणि ट्रेलरवरून उतरवलेली कोणती, हे नंतर ओळखता येत नाही. चालवत आलेली गाडी, तिचा रंग ठिकठिकाणी उडालेला असला तरी, माझ्या लेखी वरचढ. मग मैदान एकदा झपाझप फिरा, तीन गाड्या ठरवा आणि बाकीच्यांचा मोह सोडा.

आधी बघा, मग बोला

मालकापाशी जाण्याआधी पाच मिनिटं गाडीभोवती गप्प फिरायचं. सुरुवात नंबरप्लेटपासून करा. एमएच-१० सांगली, एमएच-११ सातारा, एमएच-५० कराड ही पद्धत १९८९ नंतरची. त्याआधीच्या मालिकेतला महाराष्ट्राचा जुना नंबर अजून अंगावर असेल, तर ती गाडी बहुधा राज्याबाहेर गेलेली नाही. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं दिसली, तर ती २०२१ च्या नियमाखाली विंटेज म्हणून नोंदलेली, पन्नास वर्षांहून जुनी गाडी आहे. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. शो, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते.

मग पत्रा. दाराच्या कडेशी डोळा नेऊन उजेडाच्या दिशेने आडवं बघा. जिथे लांबी (पोचे बुजवायची पुटी) भरली आहे तिथे उजेडाची रेघ सरळ न जाता लहरते. काचेच्या रबरी बीडिंगवर रंगाचा फवारा उडालेला असेल, तर रंग देताना काच काढलेली नव्हती. हे मनात ठेवा, मालकाला ऐकवू नका.

ॲम्बॅसॅडर असेल तर ती कुठल्या मार्कची, म्हणजे कुठल्या आवृत्तीची, हे ओळखायला शिका. आपण जिला ॲम्बॅसॅडर म्हणतो ती मुळात ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. हिंदुस्थान मोटर्सने ती पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात पन्नासच्या दशकाअखेरपासून २०१४ पर्यंत बनवली. बाहेरून मार्क टू आणि आत नव्वदच्या दशकातलं १८०० सीसीचं इसुझू इंजिन, अशा गाड्या आपल्या भागात भरपूर आहेत. लोक त्यांना नाकं मुरडतात, मी मुरडत नाही. मालकाने इंजिन बदलल्याचं सरळ सांगितलं तर ती प्रामाणिक गाडी आहे.

जीपच्या बाबतीत मात्र कडक राहा. शोमधली निम्मी जीप मंडळी ‘ही दुसऱ्या महायुद्धातली’ असं सांगतात. पुढच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजा. युद्धकाळातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूला नऊ फटी असतात, नंतरच्या नागरी जीपना सात. महिंद्राची आपल्या ओळखीची उंच बॉनेटवाली सीजे-३बी सात फटींची. तिचं इंजिन जास्त उंच, म्हणून बॉनेट वर गेलं. जाळी बदलता येते, तेव्हा तेवढ्यावर थांबू नका. खाली वाकून रेडिएटरखालचा चासीचा, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याचा, आडवा तुकडा बघा: विलीजला तो गोल पाइपाचा असतो, फोर्डला चौकोनी घडणीचा. फोर्डने तर आपल्या बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा ‘एफ’ अक्षर उठवलं होतं. गंजातून ते एकदा बोटाला लागलं की मालकाच्या आधी तुमचाच चेहरा खुलतो.

मालकाला काय विचारायचं

ही पायरी मला सगळ्यात उशिरा जमली, म्हणून सावकाश सांगतो.

‘ॲव्हरेज किती देते?’, ‘केवढ्याला पडली?’, ‘विकायची आहे का?’ हे तीन प्रश्न तोंडातून बाहेर पडता कामा नयेत. सकाळपासून येणारा प्रत्येक जण हेच विचारत असतो आणि मालक पाठ केल्यासारखी उत्तरं देत असतो. ‘ओरिजनल आहे का?’ हा चौथा प्रश्न त्यांच्याहून वाईट. त्यात संशय आहे. ज्याने हँडलपासून हबकॅपपर्यंत एकेक पार्ट जुन्या बाजारात हिंडून गोळा केला, त्याच्यापुढे तुम्ही तपासनीस म्हणून उभे राहता. तो ‘हो’ म्हणतो आणि बोलणं तिथेच संपतं. ‘मालकाशी बिनधास्त बोला’ असं सांगणारे ही गोष्ट सांगतच नाहीत.

जे तुम्ही स्वतः पाहिलं आहे त्याबद्दल विचारा, आणि प्रश्न असा निवडा की उत्तर बॉनेटखाली असेल.

पद्मिनीचं उदाहरण घ्या. ही गाडी म्हणजे १९६४ ची फियाट ११०० डिलाइट. सत्तरच्या दशकात ती आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली, पेट्रोल इंजिन तेच १०८९ सीसीचं राहिलं. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढली शेठ वालचंद हिराचंदांनी, ज्यांचं नाव आपल्या सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे. सांगलीचा पद्मिनीवाला या विषयावर रंगून बोलतो, पण तेवढ्याने बॉनेट उघडत नाही. बॉनेट उघडतं ते या प्रश्नाने: ‘मालक, उन्हाळ्यात पंपावर ओलं फडकं ठेवावं लागतं का अजून?’

कारण असं: या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असतो. उन्हात, चढावर किंवा गर्दीत इंजिन तापलं की पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढू शकत नाही, कार्ब्युरेटर (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग) कोरडा पडतो, गाडी बंद. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि तो निवेपर्यंत थांबायचं. ज्याने ही गाडी खरोखर चालवली आहे त्याला खंबाटकीत किंवा यवतेश्वरच्या घाटात कधीतरी असं थांबावं लागलेलं असतं. प्रश्न ऐकल्यावर तो नुसतं उत्तर देत नाही, पंपच दाखवायला जातो.

दुसरा प्रश्न सध्याच्या पेट्रोलचा. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही आपल्याच भागातल्या उसाचं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची पॅकिंग ही सगळी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी केलेली. इथेनॉल त्या रबराला फुगवतं. शिवाय ते हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजायला लागते. म्हणून विचारायचं: ‘पाइप बदलले का? उभी ठेवताना टाकी रिकामी करता की भरून ठेवता?’ यावर प्रत्येक मालकाचं ठाम मत असतं. एकाने डॅशबोर्डच्या खणातून जुन्या पाइपचा बोटभर तुकडा काढून माझ्या हातात दिला होता. बाहेरून अगदी ठाकठीक, चकचकीत काळा. चिमटीत दाबला तर भिंत मऊ लागली आणि तोंडाशी आलेला काळा चिकट थर बोटाला लागला. हाच थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, जाऊन बसतो, असं म्हणत त्याने बॉनेट वर केलं आणि नवे पाइप कुठून कुठे नेलेत ते टोकापासून दाखवलं.

तिसरा प्रश्न फक्त सांगलीचा: ‘२०१९ ला गाडी कुठे होती?’ त्या ऑगस्टच्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. गावभागातल्या, कृष्णाकाठच्या कितीतरी गाड्या पाण्यात बुडाल्या. कुणी वेळेवर विश्रामबागकडे नेऊन लावली, कुणाची दारातच गेली. हा प्रश्न हळू आवाजात आणि थोडी ओळख झाल्यावर विचारा, कारण गाडीबरोबर त्या माणसाचं घरही गेलेलं असू शकतं. पाण्यातून निघालेली गाडी ज्याने पुन्हा उभी केली, त्याच्याकडे शिकण्यासारखं सगळ्यात जास्त असतं. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज, स्टेपनीच्या खळग्याच्या कोपऱ्यात राहिलेली बारीक गाळाची रेघ, वायरिंगच्या जोडांवरचा हिरवट थर हे सगळं तो स्वतःहून दाखवतो. पुढे कधी जुनी गाडी घ्यायची वेळ आली तर हीच माहिती तुमचे पैसे वाचवते.

आणि यातलं काहीच सुचलं नाही तर एवढंच विचारा: ‘काम कुणाकडे केलं?’ माझ्या मते शोमधला सगळ्यात चांगला प्रश्न हाच. फिटर, डेंटर, पेंटर यांची नावं मालक अभिमानाने घेतो, आणि बऱ्याचदा ते मिस्त्री तिथेच मागे उभे असतात. फोटोत त्यांना कुणी घेत नाही, स्टेजवर कुणी बोलवत नाही. त्यांच्याकडे वळा. पद्मिनीच्या डिस्ट्रीब्युटरबद्दल (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग) त्यांच्याइतकं नीट तुम्हाला कुणी सांगणार नाही.

बॉनेट उघडलं की हात पाठीमागे बांधा. इंजिन चालू असेल तर पंख्याच्या बाजूला ओढणी, उपरणं, लोंबता मोबाइल काहीच नेऊ नका. वीज बनवणारा जुना डायनॅमो अजून आहे की त्याजागी आल्टरनेटर बसवला आहे, वायरिंगवर जुनं कापडी वेष्टण आहे की नवी टेप, तेलाचे डाग कुठल्या जोडाशी आहेत, हे बघा. आरशासारखं धुतलेलं इंजिन बघून भारावू नका. गळती कुठे आहे हे धुतलेल्या इंजिनावर दिसत नाही. थोडं तेलकट, पण ठोका सारखा असलेलं इंजिन मला जास्त विश्वासाचं वाटतं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना तारेला कान लावतात, तसं डोळे मिटून ठोका ऐका: चुकलेला सिलिंडर दिसण्याआधी कानाला कळतो.

दोष दिसला तरी मालकाला दाखवायचा नाही. त्याला तो माहीत असतो.

महागड्या परदेशी गाड्या

पुणे-बेंगळुरू महामार्गामुळे हल्ली या गाड्याही आपल्याकडच्या शोमध्ये येतात. यांचं बॉनेट उघडून घेण्यात फारसं हशील नाही. बऱ्याच गाड्यांत इंजिन मागे असतं, पोर्शे ९११ मध्ये तर मागच्या आसाच्याही मागे. चाकाच्या आऱ्यांमधून ब्रेकची डिस्क बघा: राखाडी, दाणेदार आणि गंज नसलेली असेल तर ती बहुधा कार्बन-सिरॅमिकची, लोखंडी डिस्कवर धुतल्यावर तांबूस छटा येते. पुढच्या बंपरची खालची कड वाकून बघा. तिथे घासल्याच्या खुणा असतील तर ही गाडी आपल्या गतिरोधकांवरून चालवत आणली आहे, आणि त्या मालकाशी जरूर बोला.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: ‘रेस मारा, रेस मारा’ म्हणून ओरडणाऱ्या घोळक्यात सामील होऊ नका. थंड इंजिनात तेल अजून घट्ट असतं आणि त्यावर रेस मारली की झीज होते. शेजारी लहान मुलं उभी असतात. मालकाने लोकाग्रहास्तव मारली तरी त्याच्या मनाला ते लागतं.

दुचाकींसाठी एवढंच: जावा-येझदीवाल्याला किक आणि गिअरची एकच दांडी कशी चालते ते करून दाखवायला सांगा. कुणीही नाही म्हणत नाही.

फोटो

उभ्या गाडीचे फोटो सगळ्यांकडे असतात. शो संपताना फाटकाच्या बाहेर, रस्ता थोडा मोकळा असेल अशा ठिकाणी थांबा आणि तुमच्या तीन गाड्या जाताना त्यांचा फोटो घ्या. मालक स्वतः स्टेअरिंगवर असतो, त्यामुळे आपल्या चालत्या गाडीचा चांगला फोटो त्याच्याकडे बहुतेक नसतोच. त्याचा फोन नंबर आधीच मागून ठेवा आणि त्याच संध्याकाळी फोटो पाठवा. त्यावर ‘रविवारी गॅरेजवर या’ असं उत्तर आलं, तर जुने कपडे घालून आणि मिस्त्रींच्या वेळेला जा.