‘प्रे’ बघू की नको? लोकांच्या प्रतिक्रिया वाचून ठरवणार असाल तर आधी हे वाचा

‘प्रेडेटर’ मालिकेतला २०२२ चा ‘प्रे’ अजून बघितला नसेल आणि बघायच्या आधी लोक काय म्हणतायत ते चाळायला घेतलंत तर दहा मिनिटांत डोकं गरगरणार, लिहून घ्या. एक म्हणतो १९८७ च्या ‘प्रेडेटर’नंतरचा सगळ्यात भारी, लगेच त्याच्या खाली दुसरा म्हणतो फालतू आहे वेळ घालवू नका, आणि तिसरा बिचारा कुत्र्याचं काय होतं तेवढंच सांगा म्हणून मागे लागलेला. (कुत्रं वाचतं. सांगून टाकलं, आता निवांत व्हा.) गंमत अशी की तिघंही आपापल्या जागी खरं बोलतायत, फक्त प्रत्येक जण मनात काहीतरी धरून बसलाय आणि पिक्चर त्याच्याशी मोजतोय. ते काय धरलंय तेवढं ओळखायला शिकलात की काम झालं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. साल १७१९, उत्तर अमेरिकेची उत्तरेकडची गवताळ मैदानं, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी कोमांची लोकांचा तळ. नारू नावाची मुलगी, आईकडून औषधी झाडपाला शिकलेली, पण तिला भावासारखी शिकार करायचीय. तिथे परग्रहावरचा शिकारी म्हणजे प्रेडेटर उतरतो, तोच तो अदृश्य होणारा, उष्णता बघणारा. दिग्दर्शक डॅन ट्रॅक्टनबर्ग, नारू झालीये अँबर मिडथंडर, भाऊ ताबे म्हणजे डकोटा बीव्हर्स. लांबी साधारण १०० मिनिटं. अमेरिकेत ५ ऑगस्ट २०२२ ला थेट हुलू या ओटीटीवर आला, आपल्याकडे हॉटस्टारवर. थेटरात आलाच नाही, आणि हा मुद्दा लक्षात ठेवा कारण अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

आधी टक्केवारीचं भूत उतरवा

प्रतिक्रिया गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटवर समीक्षकांचा आकडा नव्वदच्या वर आणि प्रेक्षकांचा त्याच्यापेक्षा चांगलाच खाली, हे बघून लोक लगेच ‘बघा, समीक्षक विकले गेलेत’ सुरू करतात. थांबा जरा. ते नव्वद म्हणजे शंभरपैकी नव्वद मार्क नव्हेत, शंभरातल्या नव्वद समीक्षकांनी ‘ठीक ते उत्तम’ यापैकी काहीतरी म्हटलं एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांनी ‘बरा आहे’ म्हटलं तरी आकडा शंभर येतो! प्रेक्षकांच्या बाजूला पाचातले साडेतीन किंवा जास्त तारे दिले तरच ‘आवडला’ मोजतात, म्हणजे तीन तारे देऊन ‘टाइमपास आहे, बघा एकदा’ म्हणणारा माणूस तिथे नापसंतीच्या खात्यात जातो. दोन्ही आकडे वेगळ्या काट्यावर तोललेले, त्यांची वजाबाकी करून कोण विकलं गेलं ते कळत नाही.

तसंच हुलूने तेव्हा जाहीर केलं होतं की पहिल्या तीन दिवसांत बघितल्या गेलेल्या तासांच्या हिशोबात हा त्यांचा तोपर्यंतचा सगळ्यात मोठा प्रीमियर. छान, पण तासांवरून किती लोकांनी लावला ते कळतं, किती लोकांना आवडला ते नाही. जेवताना लावून मोबाईल बघत बसलेला पण त्यात मोजलाय.

मी काय करतो, टोकाच्या प्रतिक्रिया आधी बाजूला सारतो. एक तारा आणि पाच तारे दोन्ही सोडा, तीन-चार तारेवाल्यांची वाचा. त्यात लोक ‘हे जमलं, हे नाही’ असं लिहितात आणि सीनची नावं घेतात. ज्या प्रतिक्रियेत एकाही सीनचा उल्लेख नाही ती सरळ सोडून द्या, वेळ वाचेल.

लिहिणारा कुठल्या पिक्चरशी तुलना करतोय ते शोधा

हे सगळ्यात उपयोगी. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी १९८७ चा ‘प्रेडेटर’ केबलवर तुकड्या-तुकड्यात बघितलाय, अरनॉल्ड, चिखल, जंगल, दणादण मशीनगन. तो डोक्यात ठेवून ‘प्रे’ लावला तर पहिला अर्धा तास ‘सुरू कधी होणार’ वाटणारच, कारण इथे सुरुवातीला बंदुका नाहीत, माणसं भाला-बाण-कुऱ्हाड घेऊन फिरतात आणि शिकारी बराच वेळ नीट दिसत पण नाही. ‘स्लो आहे’ लिहिणाऱ्यांतले बरेच या गटातले. याउलट ज्याच्या डोक्यात २०१८ चा ‘द प्रेडेटर’ ताजा आहे तो ‘प्रे’ला देव्हाऱ्यात बसवणार, कारण तो २०१८ वाला बघून फॅन लोक इतके वैतागले होते की नंतर काहीही साधं-सरळ चाललं असतं. दोघांच्याही प्रतिक्रियेतून तेवढं वजा करून वाचा.

तारीख पण बघा. ट्रेलर आल्यावरच्या कमेंट म्हणजे पिक्चर न बघता दिलेला निकाल, त्या वाचूच नका. पहिल्या वीकेंडच्या प्रतिक्रियांमध्ये उत्साह आणि राग दोन्ही वाढीव असतात. २०२५ मध्ये ट्रॅक्टनबर्गचेच आणखी दोन आले, आधी अॅनिमेशनवाला ‘किलर ऑफ किलर्स’ आणि मग नोव्हेंबरात थेटरात ‘बॅडलँड्स’, त्यानंतर लिहिणारे ‘प्रे’कडे सुरुवात म्हणून बघतात त्यामुळे सूर जरा मायेचा लागतो.

‘एवढीशी मुलगी प्रेडेटरला कशी मारेल’ हे कसं तपासायचं

इथून पुढे स्पॉयलर, शेवट माहीत नको असेल तर सरळ खालच्या भाषेच्या भागावर जा.

ही तक्रार सगळ्यात जास्त दिसते आणि तिच्यावर भांडण पण सगळ्यात जास्त. बाजू घेण्याआधी एक करा, बघताना चार-पाच गोष्टींवर नजर ठेवा आणि मग स्वतःच ठरवा.

शिकारी आल्या आल्या काय मारतो ते बघा. आधी साप, मग लांडगा, मग अस्वल, एकेक पायरी वर, ज्याच्यात दम आहे त्यालाच हात लावतो. (अस्वलाचा सीन भारीच. नारू बीव्हरच्या लाकडांच्या ढिगाखाली अडकलेली, वर अस्वल, आणि मग ते अस्वल हवेत उचललं जातं आणि त्याचं रक्त अंगावर ओघळल्यामुळे अदृश्य शिकाऱ्याचा आकार पहिल्यांदा दिसायला लागतो. या एका सीनबद्दल तक्रार करणारे पण गप्प असतात, अस्वल कॉम्प्युटरचं वाटतं एवढंच म्हणतात, आणि ते खरंय.) आता पुढे नारूचा पाय फ्रेंच फासेपारध्यांच्या लोखंडी सापळ्यात अडकतो आणि हा तिच्याजवळ येऊन तिला सोडून निघून जातो. का? ती त्याच्या लेखी धोकाच नाही. पूर्ण पिक्चर या एका गोष्टीवर उभा आहे आणि ‘ती वाचलीच कशी’ विचारणारे बहुतेक इथे पाणी प्यायला उठलेले असतात.

मग ते केशरी फूल. सुरुवातीला जखमी माणसाला ती ते देते, रक्त थंड करायला, तेव्हा ते नुसतं औषध वाटतं. नंतर एका जखमी दुभाष्याला तेच देते, तो मेल्याचं सोंग घेऊन पडतो आणि उष्णता बघणाऱ्या शिकाऱ्याला तो दिसतच नाही, फक्त त्याच्यावर पाय पडतो म्हणून बिचाऱ्याचं बिंग फुटतं. नारू लांबून बघत असते. तिथे तिला उत्तर सापडलं. कुऱ्हाडीला दोरी बांधायची कल्पना, दलदलीत अडकून त्याच दोरीने बाहेर येणं, बाण कुठे जाणार ते शिकाऱ्याचा मुखवटा ठरवतो ही गोष्ट टिपून ठेवणं, हे सगळं आधी दाखवलंय आणि शेवटी एकेक करून वापरलंय. ती फुलं खाऊन स्वतः थंड होते, मागून गोळी घालून मुखवटा पाडते, त्याला दलदलीत ओढते, आणि त्याने सोडलेले बाण तिने लावून ठेवलेल्या मुखवट्याच्या इशाऱ्यावर त्याच्याच डोक्यात. ताकदीत ती कुठेच जिंकत नाही.

हे सगळं बघूनही तुम्हाला पटलं नाही तर तो तुमचा हक्क आहे, शेवटच्या मारामारीत ती जरा जास्तच चपळ होते असं मलाही वाटतं, आणि त्याच्या आधी ताबेने शिकाऱ्याला बरंच झोडपलेलं असतं ते पण विसरू नका. पण ज्या प्रतिक्रियेत फूल, दलदल, मुखवटा यातलं काहीच नाही आणि फक्त ‘मुलगी कशी मारेल’ आहे, त्या माणसाने पिक्चर बघितलाय की नाही इथूनच शंका घ्या. आणि उलट्या बाजूचे ‘आवडला नाही म्हणजे तू बायकांच्या विरोधात’ म्हणतात तेही तितकंच आळशी.

भाषा कुठली लावायची

पिक्चर शूट झाला मुख्यतः इंग्रजीत, मध्ये मध्ये कोमांची. पण आला तेव्हाच पूर्ण कोमांची डब पण सोबत दिला होता आणि त्यात कलाकारांनी स्वतःच आवाज दिलेत. ही भाषा बोलणारे आता फार कमी उरलेत, त्यामुळे नुसती गंमत म्हणून केलेलं काम नव्हे ते. निर्मात्यांमधल्या जेन मायर्स स्वतः कोमांची आणि ब्लॅकफीट वंशाच्या, तळावरचं जगणं नीट दिसावं याच्यामागे त्या होत्या.

‘संवाद आजच्या पोरांसारखे वाटतात’ ही तक्रार वाचली असेल तर ती इंग्रजीवाल्या ट्रॅकची आहे आणि तिच्यात तथ्य आहे. कोमांची ट्रॅक आणि सबटायटल लावणाऱ्यांकडून ती सहसा येत नाही, पण ते दुसरी तक्रार करतात, ओठ जुळत नाहीत. माझा सल्ला, पहिल्यांदा इंग्रजीत बघा कारण नजर सबटायटलवर गेली की झाडीतली हालचाल निसटते, आवडला तर दुसऱ्यांदा कोमांचीत. आणि इंग्रजीत बघताना फ्रेंच लोक बोलतात तेव्हा खाली काहीच येत नाही, ते मुद्दाम आहे, नारूला कळत नाही म्हणून आपल्यालाही कळू द्यायचं नाही. ‘सबटायटल खराब आहेत’ म्हणून चिडलेल्या कमेंट सोडून द्या.

इतिहासवाल्यांचं थोडक्यात. १७१९ पर्यंत कोमांची घोड्यांवर चांगले स्वार झाले होते आणि दक्षिणेकडे सरकत होते, मग इथे बहुतेक सगळे पायी का, हा प्रश्न रास्त आहे. प्रेमाने विचारणारे पण आहेत, पिक्चर पाडायला विचारणारे पण. पायी ठेवल्यामुळे पाठलाग रंगतो हे मात्र उघड आहे.

फॅन लोकांच्या खुणा कुठपर्यंत मनावर घ्यायच्या

‘ते पिस्तूल बघून उडालोच’ असं लिहिलेलं दिसेल. ते पिस्तूल १९९० च्या ‘प्रेडेटर २’ मधलं, त्याच्यावर राफाएल अडोलिनी १७१५ असं कोरलेलं, शेवटी एक म्हातारा शिकारी ते डॅनी ग्लोव्हरच्या पात्राला देतो. ‘प्रे’मध्ये तो अडोलिनी म्हणजे वरचा दुभाष्या. माहीत असेल तर मजा, नसेल तर काही अडत नाही. ताबेच्या तोंडी १९८७ च्या पिक्चरमधला गाजलेला डायलॉग टाकलाय त्याच्यावर मात्र सरळ दोन तट आहेत, काहींनी शिट्ट्या मारल्या, काहींनी कपाळाला हात लावला. मी दुसऱ्या तटात.

आणि कुठे बघितला ते

लॅपटॉपवर दुपारी खिडकी उघडी ठेवून बघितलेल्या माणसाची ‘काही दिसतच नाही, आवाज पण नाही’ ही प्रतिक्रिया पिक्चरबद्दल नाही. यात खूप वेळ फक्त गवत, पाणी, फांदी मोडल्याचा आवाज. साउंड एडिटिंगसाठी याला एमी मिळालंय, थेटरात न आल्यामुळे टीव्हीच्या पुरस्कारांत गेला म्हणून एमी. तेव्हा रात्री, दिवे बंद, हेडफोन किंवा बऱ्यापैकी स्पीकर. ‘हा थेटरात यायला हवा होता’ हे आवडणारे आणि न आवडणारे दोघंही म्हणतात, तेवढं एकमत दुसऱ्या कशावरच दिसत नाही.

बघून झाल्यावर स्वतः लिहायला बसलात तर पहिल्याच ओळीत टाका, आधीचे कुठले भाग बघितलेत, कुठल्या भाषेत लावला, कशावर बघितला. मग एक सीन घ्या आणि तो का चालला किंवा का नाही तेवढं लिहा. शिकाऱ्याचा शेवट लिहिणार असाल तर वर स्पॉयलर लिहा रे बाबांनो, आणि कुत्र्याचं मात्र बिनधास्त लिहा, लोक त्यासाठीच येतात.