न्यूरोडायव्हर्स जोडप्यांवर माहितीपट करताना या चुका टाळा

दोघांपैकी एकाला ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड जाणारी मेंदूची घडण) आहे, किंवा दोघांच्याही मेंदूची घडण निरनिराळ्या तऱ्हेने वेगळी आहे, अशा जोडप्यांच्या सहजीवनावर माहितीपट करण्याचा विचार अलीकडे अनेक तरुण दिग्दर्शक बोलून दाखवतात. त्यांचे रफ कट, म्हणजे चित्रपटाची पहिली कच्ची जुळवणी, पाहण्याची वेळ माझ्यासारख्या संकलकावर येते तेव्हा हेतू निर्मळ असूनही चित्रपट एकाच जोडीदाराच्या बाजूने बोलत असल्याचे जाणवते. हा कल संहितेत क्वचितच सापडतो. तो खुर्च्यांच्या मांडणीत, माइकमध्ये आणि कटमध्ये असतो, आणि म्हणूनच तो वेळीच दुरुस्तही करता येतो.

एकच जोडीदार दोघांच्या वतीने बोलतो

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच आहे. एक जण सफाईने बोलतो, भावना नेमक्या शब्दांत मांडतो, त्यामुळे वापरण्याजोगे फुटेज त्याचेच जास्त निघते, आणि दुसरा जोडीदार हळूहळू चित्रपटाचा विषय होऊन बसतो. ही चूक ओळखण्याची सोपी खूण म्हणजे मुलाखतींचे लिखित उतारे काढून त्यांतील वाक्यांचे कर्ते पाहणे. ‘तो असाच वागतो’, ‘तिला हे कळत नाही’ अशी वाक्ये एका बाजूला आणि ‘मला’, ‘मी’ अशी वाक्ये दुसऱ्या बाजूला मोजून पाहावीत. ऑटिस्टिक व्यक्तीविषयी इतरांनी बोललेली मिनिटे तिच्या स्वतःच्या बोलण्याहून अधिक भरली, तर पुन्हा चित्रीकरण करावे; संकलनाच्या टेबलावर ही उणीव भरून निघत नाही.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये ‘दुहेरी सहानुभूती’चा प्रश्न मांडला. ऑटिस्टिक आणि ऑटिस्टिक नसलेली व्यक्ती एकमेकांना समजून घेण्यात कमी पडतात, तेव्हा ती उणीव एकाच्या माथी मारता येत नाही, ती दोन्ही बाजूंची असते, असे त्या मांडणीचे सार आहे. मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. दिग्दर्शकासाठी यातून निघणारी गोष्ट अगदी व्यावहारिक आहे: ‘जोडीदाराचे कोणते वागणे तुम्हाला उमगत नाही?’ हा प्रश्न दोघांनाही, त्याच शब्दांत आणि वेगवेगळ्या दिवशी विचारावा.

प्रश्न, खुर्ची, माइक आणि उजेड

‘तुमच्या नात्याविषयी सांगा’ असा मोकळा प्रश्न पुष्कळ ऑटिस्टिक व्यक्तींना कोड्यात टाकतो, कारण उत्तर कुठून सुरू करायचे आणि कुठे थांबवायचे हे त्या प्रश्नात नसते. ‘लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात घरातली कोणती कामे कोण करत होते?’ असे विचारले की उत्तर तपशिलासह येते आणि त्या तपशिलातच प्रेम, चीड, काळजी सगळे उघडे पडते. प्रश्न किमान दोन दिवस आधी लिहून द्यावेत. ‘उत्स्फूर्तता जाते’ ही भीती निराधार आहे. जाते ती गोंधळलेल्या माणसाची ततपप, आणि ती उत्स्फूर्तता नव्हे. एखाद्याला उत्तर टाइप करून पाठवायचे असेल तर ते त्याच्याच आवाजात वाचून घ्यावे किंवा पडद्यावर अक्षरांत दाखवावे.

भिंगात किंवा मुलाखतकाराच्या डोळ्यांत पाहण्याचा आग्रह धरू नये. कणीस सोलताना, गाडी चालवताना, कपड्यांच्या घड्या घालताना शेजारी बसून केलेल्या मुलाखती कितीतरी मोकळ्या होतात. कॉलर माइकची वायर किंवा चिकटपट्टी कातडीला सहन होत नसेल तर बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, वापरावा, नाहीतर माइक टेबलावरच्या वस्तूंत लपवावा. ट्यूबलाइटचे तर वेगळेच आहे. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० वर ठेवले की कॅमेऱ्याला ते दिसत नाही, पण समोरच्या व्यक्तीला त्याचा त्रास होत असेल तर तो होतच राहतो. खोलीतले दिवे कोणते चालतील हे छायालेखकाने त्या व्यक्तीलाच विचारावे.

एडीएचडी असलेला जोडीदार ठरल्या वेळी आला नाही म्हणून युनिटमध्ये कुजबुज सुरू होते. आदल्या संध्याकाळी आणि निघण्याच्या एक तास आधी संदेश पाठवला की बहुतेक प्रश्न मिटतो.

शांतता कापणे

प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली नऊ-दहा सेकंदांची शांतता कापून टाकण्याचा मोह प्रत्येक संकलकाला होतो, मलाही झाला आहे. एका कटमध्ये नवरा उत्तर देत असताना मी ती जागा त्याच्या बायकोच्या चेहऱ्याच्या कट-अवेने, म्हणजे मध्ये घातलेल्या वेगळ्या शॉटने, भरली. तिने त्या क्षणी फक्त खिडकीकडे पाहिले होते. पडद्यावर मात्र ती नवऱ्याला कंटाळलेली दिसू लागली. दोन शॉट शेजारी ठेवले की प्रेक्षक त्यांतून तिसराच अर्थ काढतो हे सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशोव्हच्या प्रयोगापासून आपण शिकत आलो आहोत, तरीही हात तिकडेच वळतो. नंतर ती दृश्ये पाहताना ती म्हणाली, “तो विचार करत होता, आणि मला ते ठाऊक होतं.” शांतता पूर्ण ठेवल्यावर त्याच दृश्यात दोघांना एकमेकांची असलेली सवय दिसू लागली.

यावरून काढलेला नियम असा की प्रतिक्रियेचा शॉट त्याच क्षणाचा नसेल तर वापरायचा नाही. तसेच कोणाचा मेल्टडाउन होत असेल, म्हणजे आवाज, उजेड, ताण असह्य होऊन व्यक्ती कोलमडत असेल, तर कॅमेरा बंद करावा. तो आदळआपट किंवा हट्ट नसतो, आणि प्रसंग ‘प्रभावी’ आहे म्हणून तो आपला होत नाही.

शब्द

ऑटिझमसाठी रूढ असलेला ‘स्वमग्नता’ हा मराठी शब्द निवेदनात वापरण्यापूर्वी थांबावे. स्वतःतच बुडालेला माणूस असे चित्र तो पहिल्या क्षणीच उभे करतो आणि नात्यावरच्या चित्रपटात निकाल लागल्यासारखे होते. ‘अतिचंचलता’ हा शब्द एडीएचडीमधली अवधानाची अडचण झाकून टाकतो. पात्रे स्वतःसाठी जो शब्द वापरतात तोच निवेदनात घ्यावा, मग तो इंग्रजीतून आलेला असला तरी चालेल. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी दृश्यमाध्यमांतील अपंग व्यक्तींच्या चित्रणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांतही भेदभाव पोसणाऱ्या शब्दांविरुद्ध इशारा आहे आणि त्या व्यक्तींना निर्मितीत सहभागी करून घेण्यावर भर आहे. दुसरी एक ढोबळ चूक म्हणजे सर्व निदाने कायद्यात एकाच रांगेत असल्याचे सांगणे: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडीचे नाव नाही.

एकाच सहीवर भागवणे

जोडप्याकडून एकाच कागदावर दोन सह्या घेणे ही सोय निर्मात्याची असते. संमती प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे, साध्या भाषेत, आणि चित्रीकरण, रफ कट, प्रदर्शन अशा प्रत्येक टप्प्यावर नव्याने घ्यावी. याला कायदेशीर बाजूही आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून नोंदलेले आहे. ऑटिझम किंवा एडीएचडीचे निदान म्हणजे आपोआप ते कारण ठरत नाही, परंतु प्रकरण न्यायालयात गेले तर ‘माझ्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे’ असे कॅमेऱ्यासमोर वैतागून म्हटलेले वाक्य समोरचा वकील कसे वापरील याचा भरवसा नसतो. सासरी-माहेरी निदान सांगितलेले आहे का, हेही आधीच विचारून घ्यावे. न वापरलेले फुटेज कोणाकडे आणि किती काळ राहील, आणि चित्रीकरणादरम्यान दोघे वेगळे झाले तर काय, हे करारात लिहावे.

रफ कट आधी प्रत्येकाला एकट्याने, त्याच्या घरी, थांबवून पुन्हा पाहण्याची मुभा देऊन दाखवावा, आणि नंतर दोघांना एकत्र. आक्षेप कळवण्यासाठी दोन आठवडे द्यावेत, कारण काहींच्या मनात प्रतिक्रिया तयार व्हायलाच तेवढे दिवस लागतात. ते दोन आठवडे संपेपर्यंत संगीतकाराला काम देऊ नये. तारा छेडून केलेली गोड, खट्याळ धून एकदा लागली की चाळिशीतली माणसेही लहान मुलांसारखी वाटू लागतात, आणि मग ती धून काढायला कोणी तयार होत नाही.