‘गिअर पडंना’ म्हणून आलेला ट्रॅक्टर

निपाणीजवळच्या एका गॅरेजात मी हाताखाली लागलो, तेव्हा गिऱ्हाइकं निम्मी मराठी, निम्मी कन्नड. एक म्हणायचा ‘गिअर पडंना’, दुसरा ‘गेर बीळवल्दु’. दोन्ही भाषांत गिअर पडतोच, त्यामुळं तक्रार कळायची. कारण कळायला वेळ लागला.

गिअर टाकताना करकर होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. उसात रोटर (माती फोडायचं फिरतं अवजार) लावल्यावर इंजिन नुसतंच रेस होतं, गाडी ओढत नाही, जळका वास येतो, तर क्लचची प्लेट घसरते. आजार उलटे, औषधंही उलटी. नवखी पोरं इथंच गल्लत करतात.

मीही केली. एक मिनी ट्रॅक्टर गिअर पडंना म्हणून आला. मी सरळ मधून फोडला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे केले. प्लेट चांगली, तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची बोटं, म्हणजे तिचे लिव्हर, सारखी. दुसऱ्या दिवशी परत जोडताना पेडलच्या दांड्याची पिन हातात आली, मधे खाऊन डमरूसारखी झालेली. पेडल अर्धं नुसतंच खाली जात होतं. मालक काही बोलला नाही, पिनेचे तेवढे पैसे देऊन गेला.

तेव्हापासून आधी पेडल हातानं दाबून मोकळी चाल मोजतो, म्हणजे क्लचवर जोर यायच्या आधी पेडल किती नुसतंच जातं ते. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरना ती २० ते ३० मिमी असते, तरी त्या मॉडेलचं पुस्तक बघाच. चाल जास्त असेल तर क्लच सुटत नाही. चालच नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर त्या बोटांना ढकलतं ते) बोटांवर टेकून राहतं, प्लेट घसरते.

खानापूरकडची भातशेतातली गाडी असेल तर आणखी एक विचारा: चिखलणीनंतर किती दिवस उभी होती? आत पाणी गेलं की गंजानं प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, चिकटते. सपाट जागी, इंजिन बंद, गिअरमध्ये टाकून क्लच दाबा आणि ढकला. पेडल नीट असूनही गाडी हलली नाही, तर चिकटलीय. ‘गिअरमध्येच स्टार्टर मार, सुटेल’ असं सांगणारे भेटतील. समोर माणूस किंवा भिंत असताना तसलं काही करू नका.

बेल हाउसिंगखालून (क्लचवरच्या कवचाखालून) तेल ठिबकत असेल तर बोटावर घेऊन बघा. काळं, पातळ असेल तर बहुधा इंजिनाचं. जाड, उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सचं. मग मात्र फोडायलाच हवा. तेल अडवणारं सील, प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला, मजुरी तीच.

गाडी देताना मालकाचा डावा पाय बघा. शेडच्या दारापर्यंत तो पेडलवरच टेकलेला असेल, तर तिथंच थांबवून सांगा: पाय काढा, नाहीतर प्लेट परत घसरेल.