क्लास-वनचा दावा करण्याआधी टक्केवारी नीट काढा

केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या खरेदीला 2017 चा 'मेक इन इंडिया' प्राधान्य आदेश लागू असतो. लोकल कंटेंट, म्हणजे किमतीतला भारतात झालेल्या मूल्यवर्धनाचा वाटा, 50 टक्के किंवा जास्त असेल तर तुम्ही क्लास-वन पुरवठादार, 20 च्या वर पण 50 च्या आत असाल तर क्लास-टू. प्राधान्य फक्त क्लास-वनला मिळतं. 5 लाखांच्या आतली खरेदी आदेशाबाहेर आहे. राज्य सरकार स्वतःच्या निधीतून करतं त्या खरेदीचे नियम वेगळे, तिथे हा हिशेब लावू नका.

टक्केवारी काढताना जीएसटी वगळून विक्रीची किंमत घ्या. त्यातून आयात मालाची किंमत सीमाशुल्कासकट वजा करा. उरलेल्या रकमेला त्याच विक्री किमतीने भागा.

समजा, यंत्राची किंमत 1,00,000 रुपये आहे. परदेशी सर्किट बोर्ड 38,000 चा, त्यावरचं शुल्क 4,000. म्हणजे लोकल कंटेंट 58 टक्के, असं वाटतं. पण 9,000 चे सेन्सर इथल्याच डीलरकडून घेतलेत आणि ते मुळात आयात केलेले आहेत. बिल भारतीय असलं तरी माल परदेशीच, म्हणून तेही वजा होतात. उरले 49 टक्के, आणि क्लास-वन हातचा गेला! बहुतेकांचं गणित इथेच फसतं. म्हणून सुट्या भागांची यादी घेऊन प्रत्येक ओळीपुढे मूळ देश लिहा आणि शंका असेल तिथे डीलरकडून लेखी घ्या. वाहतूक, विमा, उभारणी, प्रशिक्षण, वार्षिक देखभाल यांचे पैसे मूल्यवर्धनात धरता येत नाहीत.

निविदेत टक्केवारीचा आकडा आणि मूल्यवर्धन होतं ते ठिकाण, दोन्ही लिहा. नुसतं 'भारतात बनवलेलं' लिहून भागत नाही. पत्ता कारखान्याचा द्या, मुख्य कार्यालयाचा नको. 10 कोटींपर्यंत स्वतःचं प्रमाणपत्र चालतं. त्यापुढे कंपनीला वैधानिक किंवा कॉस्ट ऑडिटरचं लागतं, इतरांना सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचं. प्रमाणपत्र खोटं निघालं तर दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत जाल.

आता दराचं. सवलत 20 टक्क्यांची म्हणतात, पण जास्त दर कुणी देत नाही. समजा एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा बोलीदार, क्लास-टू आहे, त्याचा दर 100. क्लास-वनमध्ये सर्वांत कमी दर तुमचा, 118. तर 100 ला द्याल का, अशी विचारणा तुम्हाला होते. 121 असता तर झाली नसती. माल विभागता येण्यासारखा असेल तर निम्मं प्रमाण एल-वनकडे जातं आणि उरलेलं तुम्हाला देऊ करतात. नसेल तर पूर्ण ऑर्डर तुम्हालाच. एल-वनच क्लास-वन असेल तर हा प्रश्नच उरत नाही. तेव्हा बिड भरण्याआधीच स्वतःचा तळाचा दर काढून ठेवा, कारण होकार ठरलेल्या मुदतीत कळवावा लागतो आणि तुम्ही चुकलात तर संधी पुढच्या क्लास-वनकडे जाते.