जुन्या खेळण्यांचा मिस्ट्री बॉक्स आलाय? उघडायच्या आधी हे वाचा

दर महिन्याला घरी येणारे मिस्ट्री बॉक्स हल्ली बरेच जण घेतात, पण जुन्या खेळण्यांचा बॉक्स हे जरा वेगळं प्रकरण आहे. आत काय निघेल सांगता येत नाही, चावीची पत्र्याची गाडी, ट्रम्प कार्डचा अर्धा कॅट, चिप्सच्या पाकिटातले टॅझो, हात तुटलेला जी.आय. जो (अमेरिकन खेळण्यातला छोटा सैनिक), बटण दाबून पाण्यातल्या रिंगा अडकवायचा तो गेम, काहीही. आणि होतं काय, पार्सल आलं की हात शिवशिवतात, दोन मिनिटांत सगळं बाहेर, एक फोटो, एक स्टेटस, संपलं. मला ते बघून खरंच वाईट वाटतं. कारण या बॉक्समधून वस्तू अर्धीच येते, उरलेली अर्धी तुमच्याच घरातल्या कोणाच्या तरी डोक्यात असते, आणि ती बाहेर काढायला थोडा वेळ आणि थोडा क्रम लागतो.

आधी पार्सलचं बघू. मुंबईत बऱ्याच बिल्डिंगमध्ये पार्सल वॉचमनच्या केबिनमध्ये पडून राहतं, पावसाळ्यात तर जमिनीवर, त्यामुळे हातात घेतल्या घेतल्या चारही कोपरे दाबून बघा, कुठे ओल लागली आहे का, टेप परत चिकटवल्यासारखी दिसते का. पत्त्याच्या लेबलचा आणि खोक्याच्या सगळ्या बाजूंचा फोटो काढून ठेवा. उघडतानाचा व्हिडिओ एकसलग घ्या, मधे थांबवलेला नको, कारण काही तुटलेलं निघालं तर विकणारे बहुतेक वेळा तोच मागतात. तरीही दाद दिली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे तक्रार करता येते. खोका ओला असेल तर मात्र घरातले सगळे निवांत जमायची वाट बघू नका, त्याच दिवशी उघडा, आत कागदाचं काही असलं तर एक-दोन दिवसांत बुरशी धरू शकते.

कोरडा असेल तर थांबा. घरात आई-बाबा, आजी, काका, आत्या, मामा जे कोणी असतील ते निवांत बसतील अशी वेळ बघा. सिरियलची वेळ नको, स्वयंपाकाची तर नकोच, रविवारी दुपारच्या चहाला बसता तेव्हा एकदम बरोबर. आणि इथे एक गोष्ट नक्की करा, बॉक्समध्ये बहुतेक वेळा एक कार्ड किंवा यादी असते, हे कुठलं, कोणत्या सालचं, किती दुर्मिळ, ते कार्ड न वाचता उलटं करून बाजूला ठेवा. वस्तू एकेक बाहेर काढा आणि पहिली घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्या. तुम्ही काही बोलू नका. चावीचं खेळणं असेल तर त्यांचा अंगठा आपोआप चावीवर जातो, गोटी असेल तर बोट आपोआप ताणलं जातं, आणि मग बोलणं सुरू होतं.

प्रश्न विचारताना "तुम्हाला हे आठवतं का" असं विचारू नका, त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं. हे कुठे मिळायचं, कितीला, पैसे कोणाकडून घेतले, बिल्डिंगमध्ये पहिलं कोणाकडे आलं, शेवटी त्याचं काय झालं, मोडलं की कोणी ढापलं, असं विचारा. गिरगावात नाहीतर लालबागला चाळीत वाढलेलं माणूस असेल तर गॅलरीत कोण कुठे बसून खेळायचं इथपर्यंत सांगतं. ज्यांना कोणाला बालपणी खेळणं विकत मिळालंच नाही असेही घरात असतात, त्यांच्याकडे आगकाडीच्या पेट्यांची आगगाडी, सिगरेटच्या पाकिटांचे पत्ते, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे याच्या गोष्टी असतात, त्यांना बाजूला पडू देऊ नका. फोनवर आवाज रेकॉर्ड करत ठेवा, पण सांगून करा, गुपचूप नको. कार्ड सगळं झाल्यावर वाचायचं, आणि कार्ड काय म्हणतं आणि आजी काय म्हणते यात फरक पडला तर दोन्ही लिहून ठेवायचं.

आता प्रत्यक्ष उघडणं. पंखा बंद करा, हे कोणी सांगत नाही पण फार महत्त्वाचं आहे, जुने स्टिकर आणि कागदी तुकडे उडून पलंगाखाली जातात. खाली पांढरी चादर टाका आणि शेजारी एक परात ठेवा बारीक पार्ट्ससाठी. कटरचं पातं अगदी थोडंच बाहेर काढून फक्त टेप कापा, खोल घातलंत तर आतल्या पॅकिंगवर चरा पडेल आणि जुन्या वस्तूत पॅकिंगची किंमत कधीकधी वस्तूइतकीच असते. आतला चुरगाळलेला कागद लगेच फेकू नका, प्रत्येक बोळा उलगडून झटका. छोट्या सैनिकाची बंदूक, गाडीचा आरसा, बाहुलीचा बूट नेहमी त्यातच अडकलेले असतात.

मग ओळख पटवणं, यात मला स्वतःला सगळ्यात जास्त मजा येते. गाडीचं पोट बघा, बाहुलीची मान मागून बघा, सैनिकाची पाठ किंवा मांडी बघा, शिक्का तिथेच असतो. हॉट व्हील्सच्या गाडीच्या पोटावर जे साल असतं ते त्या मॉडेलच्या डिझाइनचं असतं, ती गाडी त्याच वर्षी बनली असं नाही, त्यामुळे साल बघून लगेच उडी मारू नका. मॅचबॉक्सच्या गाडीखाली 'लेस्नी' आणि 'मेड इन इंग्लंड' असेल तर ती मूळ लेस्नी कंपनीच्या काळातली. आपल्याकडे 'लिओ' नावाने मॅटेल या अमेरिकन कंपनीची खेळणी बनायची, आणि १९८७ मध्ये टायरवाली एमआरएफ आणि अमेरिकेची खेळण्यांची कंपनी हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी सुरू केली. फनस्कूलच्या जी.आय. जोंचे रंग अमेरिकेतल्यांपेक्षा कधीकधी इतके वेगळे असायचे की आज बाहेरचे कलेक्टर मुद्दाम भारतातले शोधतात. म्हणजे आपण विचित्र रंगाचा म्हणून टाकून दिलेला तोच नेमका कोणाला तरी हवा असतो.

खोकं असेल तर त्याच्यावरचा पत्ता वाचा, पत्त्यावरून काळ कळतो. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले, त्यामुळे 'बॉम्बे ४०० ००४' असं असेल तर त्यानंतरचं आणि नुसतं 'बॉम्बे ४' असेल तर बहुधा त्याआधीचं. बॉम्बेचं मुंबई झालं १९९५ मध्ये, अर्थात जुनी छापलेली खोकी लोकांनी पुढेही वापरली असणारच. फोन नंबर सात आकडी असेल तर आठ आकडी नंबर यायच्या आधीचा माल. बारकोड ८९० ने सुरू होत असेल तर कंपनीने तो भारतात नोंदवलेला आहे, आणि मुळात बारकोड आहे म्हणजे फार जुनं नाही. आणखी एक, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झालाय, तेव्हा 'ऐंशीच्या दशकातलं ओरिजिनल' म्हणून आलेल्या वस्तूवर तो दिसला तर समजा की बहुधा नव्याने बनवलेली आहे. नव्याने बनवलेलं असणं वाईट नाही, फक्त पाठवणाऱ्याने तसं सांगितलेलं असलं पाहिजे, नसेल तर शांतपणे मेसेज करून विचारा.

सीलबंद वस्तू निघाली तर फोडायची की नाही यावर लोक तासन् तास भांडतात. मी म्हणेन, एकच असेल आणि मागचं पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावरचा प्लास्टिकचा फुगा (खेळणं आत दिसतं ते पारदर्शक कव्हर) सगळं स्वच्छ असेल तर आठवडाभर तशीच ठेवा, किंमत काय चालली आहे बघा आणि मग ठरवा. कार्ड दुमडलेलं, फुगा पिवळा पडलेला असेल तर सरळ उघडा आणि खेळा, खेळणं त्यासाठीच आहे.

चालू करून बघायच्या आधी बॅटरीची झाकणं उघडा. आत पांढरी नाहीतर हिरवट पावडर जमलेली असेल तर हातमोजे घाला. अल्कलाइन सेल गळला असेल तर कानाच्या बडवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबू, जुना साधा झिंकवाला सेल असेल तर खायच्या सोड्याची पातळ पेस्ट, मग किंचित ओल्या बडने पुसून पूर्ण सुकवा आणि पट्ट्या काचपेपरने हलक्या घासा. चावीचं खेळणं असेल तर दोन-तीन फेऱ्याच द्या, अडकलं तर जोर लावू नका, आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. मेणबत्तीवर चालणारी पत्र्याची बोट निघाली तर तुमचं नशीब चांगलं आहे, पण पेटवायच्या आधी मागच्या दोन्ही नळ्या पाण्याने भरून घ्या, कारण ती चालते ती आतलं पाणी वाफ होऊन बाहेर ढकललं जातं आणि वाफ थंड झाली की परत आत ओढलं जातं म्हणून, कोरडी पेटवली तर डाखाचा जोड सुटतो. जुन्या जी.आय. जोची कंबर लुळी पडलेली असेल तर घाबरू नका, आत एक रबरी रिंग असते ती तुटते, दुसरी बसवता येते. लाकडाचं रंगवलेलं काही असेल, सावंतवाडीची फळं किंवा चन्नपटणाची बाहुली, तर पाणी अजिबात नको, कोरडं मऊ फडकं बास.

घरात लहान मूल असेल तर एक ताट वेगळं करा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, पत्र्याच्या कडा कापतात, सुटलेलं चुंबक किंवा बटणासारखा सेल पोटात गेला तर फार वाईट होतं. तोंडात घालायच्या वयाच्या मुलाला या बॉक्समधलं काहीच हातात देऊ नका, लांबून दाखवा.

ठेवायचं कुठे हा मुंबईतला खरा प्रश्न. पोटमाळ्यावर नको, तिथे पावसाळ्यात दमट आणि उन्हाळ्यात भट्टी. खिडकीच्या ग्रिलमध्येही नको, उन्हाने पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. आणि कपाटात डांबरगोळ्या असतील तर आधी त्या काढा, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ होऊन चिकट पडतं. शाळेत वासाचं खोडरबर कंपासमधल्या पट्टीला चिकटून बसायचं आठवतंय ना, मऊ प्लास्टिकमधलं तेलकट द्रव्य शेजारच्या कडक प्लास्टिकमध्ये उतरतं म्हणून ते व्हायचं, जुन्या बाहुल्या आणि गाड्यांची टायरं अगदी हेच करतात, तेव्हा प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदात गुंडाळा. ट्रम्प कार्ड, स्टिकर, टॅझो झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या) पुड्यांसोबत ठेवा आणि पावसाळ्यात अधूनमधून पुड्या बदला. स्टिकर चिकटवू नका, कितीही मोह झाला तरी.

डबल आलेल्या वस्तू पडून राहू देऊ नका, अदलाबदल करा, ट्रम्प कार्डचा कॅट तर अदलाबदलीशिवाय पुरा होतच नाही. सुटे पार्ट किंवा भावाचा अंदाज हवा असेल तर चोर बाजारात मटन स्ट्रीटला एक चक्कर मारा, शुक्रवारी दुकानं बंद असतात तेव्हा तो वार टाळा, आणि आपल्याकडची वस्तू खिशात घेऊन जा म्हणजे माप जुळवता येतं.

आणि सबस्क्रिप्शनचं. पैसे ऑटोपेवर लावले असतील तर कापायच्या निदान २४ तास आधी सूचना येते, ती न वाचता सरकवू नका. आधीचा बॉक्स अजून नीट बघून झाला नसेल, आजीने अजून त्या बाहुलीची गोष्ट पूर्ण केली नसेल, तर पुढचा महिना पॉज करा, बऱ्याच ठिकाणी ती सोय असते, नसेल तर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन मॅन्डेट (पैसे कापायची परवानगी) पॉज करता येतं आणि हवं तेव्हा परत सुरू करता येतं.