मांजराची पिल्लं सांभाळायला आणलीत? घरच्या कुत्र्या-मांजराशी ओळख करून देताना या चुका टाळा

रात्री अकराला पार्किंगमधल्या गाडीखालून पिल्लू कसंबसं निघतं आणि टॉवेलात गुंडाळून घरी येतं. दार उघडताच कुत्रा नाक पुढे करतो आणि घरची मांजर सोफ्याखाली गडप होते. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी गेली काही वर्षं अशी पिल्लं त्यांना कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळते. घरची माणसं म्हणजे नऊ वर्षांची मांजर मनी आणि राजा नावाचा देशी कुत्रा. पिल्लं दीड-दोन महिन्यांत जातात, पण मनीला आणि राजाला याच घरात राहायचं असतं. म्हणून आधी त्यांची बाजू बघायची, हे मी चुका करतच शिकले.

"ठणठणीत दिसतंय की, सोडूया बाहेर"

सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. तीन पिल्लं होती, खातपीत होती, उड्या मारत होती. चौथ्या दिवशी मी बाथरूमचं दार उघडलं. सहाव्या दिवशी एकाला उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. पाण्याच्या वाटीवर मान टाकून ते नुसतं बसून राहायचं, पाणी मात्र प्यायचं नाही. पॅनल्युकोपेनिया निघाला, म्हणजे मांजरांमध्ये पसरणारा जीवघेणा विषाणूजन्य रोग. तिघांपैकी दोन गेली. मनीचं लसीकरण पूर्ण होतं, म्हणून ती वाचली.

या रोगाचा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस जातात, आणि घरात तो वर्षभरसुद्धा टिकू शकतो. म्हणून पिल्लं निदान १४ दिवस वेगळी ठेवायची. मध्येच नवं पिल्लू आलं आणि त्यांच्यातच ठेवलं, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. गजकर्णही असंच लपून येतं. कानामागे किंवा पंजावर केस गेलेला गोल दिसेपर्यंत दोन-तीन आठवडे जाऊ शकतात, आणि ते कुत्र्याला, मांजराला, आपल्याला, सगळ्यांना लागतं.

बंद बाथरूममध्ये ठेवणं अनेकांना निर्दयपणाचं वाटतं. पण मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात, ते आठवा. ती आडोशाची जागा शोधत असते. आडवा ठेवलेला खोका, ऊबदार फडकं आणि शांतता मिळाली की पिल्लाला ती खोली पुरते.

दार बंद ठेवलं, पण तेच हात आणि त्याच चपला घेऊन घरभर फिरलात, तर उपयोग नाही. पिल्लांसाठी वेगळा गाऊन, वेगळ्या चपला, वेगळी भांडी ठेवा. क्रमही ठरवून टाका: आधी घरच्यांचं खाणंपिणं, मग पिल्लांचं.

फिनेलने पुसणं

आपल्याकडे स्वच्छता म्हणजे फिनेल. पण त्यातली फिनॉलसारखी रसायनं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. पुसलेल्या फरशीवरून चालून त्याने पंजे चाटले की ते पोटात जातं. शिवाय पॅनल्युकोपेनियाचा विषाणू घरातल्या बऱ्याच जंतुनाशकांना दाद देत नाही. आधी साबणाने घाण काढा. मग एक लिटर पाण्यात साधारण ३० मिली साधं ब्लीच मिसळून ते दहा मिनिटं फरशीवर ओलं राहू द्या, आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुवा. तेवढा वेळ पिल्लं दुसरीकडे ठेवा. ब्लीचमध्ये टॉयलेटचं ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

कुत्र्याचं गोचिडांचं औषध

मानेवर टाकायच्या कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, पण मांजर त्याने मरू शकतं. ते पिल्लाला "थोडंसं" लावणं तर सोडाच, ताजं औषध लावलेल्या कुत्र्याला मांजराने अंग घासलं तरी धोका असतो. पिल्लं यायच्या आधीच कुत्र्याच्या औषधाच्या पाकिटावरचं नाव वाचा आणि डॉक्टरांना विचारा. पिसवा झालेल्या पिल्लाचं औषध त्याच्या वयावर आणि वजनावर ठरतं, तेही डॉक्टरांनीच द्यावं.

"हे बघ, तुझं भावंड आलं!"

पिल्लू हातात धरून घरच्या मांजराच्या तोंडासमोर नेणं ही चूक फार प्रेमाने होते. पिल्लाला पळता येत नाही, मोठ्या मांजराला कोंडीत सापडल्यासारखं वाटतं आणि ओरखडे तुमच्या हातावर उठतात.

ओळख आधी नाकाने होऊ द्या. विलगीकरण संपल्यावर पिल्लांच्या अंगाखालचं फडकं मनीच्या ताटलीपासून लांब ठेवायचं, मग हळूहळू जवळ आणायचं, आणि तिचं फडकं पिल्लांकडे. ती त्याच्या शेजारी निवांत जेवली की पुढची पायरी: बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची जेवणं. मग जाळीच्या पिंजऱ्यातून नजरभेट, सुरुवातीला दोन-तीन मिनिटंच. कुठली पायरी किती दिवसांची, ते कॅलेंडर ठरवत नाही. मनीने जेवण अर्धवट टाकलं, तर मी एक पायरी मागे येते. एका खेपेला सगळं जमायला पाच आठवडे लागले.

फिस्कारल्यावर ओरडणं

फिस्कारणं म्हणजे "लांब राहा" एवढंच. पिल्लू मागे सरकलं की विषय संपतो, आणि त्यातूनच ते मोठ्यांशी कसं वागायचं ते शिकतं. तिथे मनीला ओरडलं, तर पिल्लू दिसलं की आपल्याला बोलणी बसतात एवढंच ती शिकेल. काळजी करायची ती आवाज न करणाऱ्या मांजराची. पापणी न हलवता रोखून बघणं, दबा धरणं, शी-शूच्या ट्रेकडे जायची वाट अडवून बसणं दिसलं की मध्ये उशी किंवा पुठ्ठा धरून दोघांना वेगळं करा. हात घालू नका. पिल्लाचा असो वा मोठ्याचा, चावा किंवा ओरखडा लागला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रस्त्यावरून आलेल्या पिल्लाच्या बाबतीत "एवढंसं तर आहे" म्हणून थांबू नका.

घरच्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. मांजराला उपाशी राहणं सोसत नाही, यकृतावर परिणाम होतो. बोका ट्रेमध्ये जोर करतोय आणि लघवी होत नाहीये, तर रात्र असली तरी थांबू नका. ट्रेबाहेर शी-शू होत असेल, तर आधी ट्रे मोजा: जितकी मांजरं, त्याहून एक जास्त. अगदी लहान पिल्लांना गोळा होणारी रेती देऊ नका, ती खाऊन बघतात.

"आमचा कुत्रा फार प्रेमळ आहे"

राजाही प्रेमळ आहे. पण अर्ध्या किलोच्या पिल्लावर खेळत टाकलेला त्याचा एक पंजासुद्धा जीवघेणा ठरू शकतो. पहिल्या भेटी लांब फिरवून आणल्यावर, पट्टा बांधून, बसलेल्या अवस्थेत. तो पिल्लाकडे बघून माझ्याकडे वळला की लगेच खाऊ मिळतो. तोंड मिटलेलं, अंग ताठ, हाक मारली तरी नजर हटत नाही, अशी लक्षणं दिसली की त्या दिवशीची भेट संपली. शेपूट हलतेय म्हणून फसू नका. पिल्लाला चढून बसायला उंच जागा हवी, कारण ते पळालं की कुत्र्याचे पायही धावतात. मी घरात नसताना दोघांमध्ये दार बंदच असतं, कितीही महिने झाले तरी.

लव्हबर्ड्स किंवा बजरीगर असतील, तर ओळख करून द्यायचीच नाही. मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याला मारू शकतात. दात नुसता टेकला असला, तरी पक्ष्याला लगेच डॉक्टरांकडे न्या.

काही मांजरं कधीच मान्य करत नाहीत. मनीने एका पिल्लाला शेवटपर्यंत जवळ येऊ दिलं नाही, मग ते जाईपर्यंत दोघी वेगळ्या खोल्यांत राहिल्या. नव्या घरी पाठवताना मी त्याच्या वासाचं फडकं सोबत दिलं आणि चिठ्ठीत लिहिलं: कुत्र्याची सवय आहे, मोठ्या मांजराची नाही, तिथे दारापासून सुरुवात करा.