बास्केटबॉल रेफ्रींची विभागीय संघटना चालवायचीय? मग हे वाचा

सगळ्यात आधी नेमणुकांचं बघा, कारण निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. एकच माणूस सगळ्या मॅचेस वाटत असेल आणि कुणाला का दिली हे कुणालाच कळत नसेल तर महिन्याभरात कुजबुज सुरू झालीच म्हणून समजा. साधी शीट बनवा, कोण कधी मोकळा, कुठली लेव्हल, मागच्या महिन्यात किती मॅचेस झाल्या, आणि ती सगळ्यांना दिसू द्या. ज्याचा भाऊ किंवा पोरगी टीममध्ये आहे त्याला त्या मॅचला अजिबात लावू नका, माणूस कितीही सरळ असला तरी.

नवीन पोरांना एकटं सोडू नका हो! क्रू चीफ (त्या मॅचचा मुख्य रेफ्री) अनुभवी आणि सोबत एक नवखा अशी जोडी लावा, मॅच संपली की तिथंच दहा मिनिटं बसून दोन-तीनच प्रसंग बोला, म्हणजे ट्रॅव्हलिंगची (बॉल हातात धरून जास्त पावलं टाकल्याची) शिट्टी वाजवताना तू लीडला, म्हणजे बास्केटजवळच्या एंडलाइनच्या जागेवर होतास, पण पाय दिसत होते का तुला? एवढं पुरतं. कोच अंगावर ओरडला म्हणून पहिल्याच सीझनला सोडून जाणारी पोरं खूप असतात, त्या रात्री एक फोन नक्की करा.

टेबलवाल्यांना, म्हणजे स्कोअर आणि घड्याळ सांभाळणाऱ्यांना विसरू नका, आक्रमक रिबाउंडनंतर (शॉट हुकून बॉल परत त्याच टीमला मिळाल्यावर) शॉट क्लॉकचं घड्याळ १४ सेकंदांना आणायचं की २४ ला यावरून मॅच फिरते, त्यांचंही ट्रेनिंग घ्या. फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) नियम बदलले की सीझनआधी क्लिनिक, म्हणजे रेफ्रींचं ट्रेनिंग शिबिर घ्या. आणि मानधन वेळेवर द्या, प्लीज.